तळ्याकाठी छोटा खासगी बीच: आधी पाण्याचा हिशोब, मग वाळूचा

तळ्याकाठच्या बीचचे अंदाजपत्रक बहुतेक जण वाळूपासून सुरू करतात. किती डंपर लागतील, काय भाव पडेल, आणून कोण टाकेल. मग पहिल्या जोरदार पावसात निम्मी वाळू तळ्यात उतरते, उरलेली चिखलात रुतते आणि पुढच्या वर्षी तेवढाच खर्च पुन्हा दारात उभा राहतो. वाळू नेणारे असते ते पाणी. वरच्या उतारावरून पावसाचे पाणी येते, समोरून लाटा येतात आणि तळ्याची पातळी वर्षभर वरखाली होत राहते. या तिन्हींचा बंदोबस्त आधी केला तर वाळू कमी लागते आणि टिकते. म्हणून पैसे पाण्याच्या कामापासून खर्च करायला लागा. वाळू शेवटी येऊ द्या.

मोजणी

सर्वांत आधी तळ्याची वर्षातली सर्वांत उंच आणि सर्वांत खालची पातळी शोधा. दगडांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर पाण्याचे डाग असतात, वाहून आलेल्या काटक्या-पानांची एक रांग असते, आणि जमिनीवरचे नेहमीचे गवत एका ठरावीक रेषेपासूनच सुरू होते. या तीन खुणा जिथे जुळतात ती उंच पातळी. तिथे खुंटी ठोका. खालची पातळी कोरड्या दिवसांत बघावी लागते, त्यामुळे शक्य असेल तर एक पूर्ण वर्ष नोंद ठेवा. घाई असेल तर शेजारच्या काठावर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांना विचारा, पण त्यांनी सांगितलेली पातळी जागेवरच्या खुणांशी ताडून पाहा.

हे इतके महत्त्वाचे का, ते साध्या गणितात कळते. काठाचा उतार १:१० असेल, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खोली मिळत असेल, तर पातळी अर्धा मीटर उतरली की पाणी पाच मीटर लांब जाते. उतार १:२० असेल तर दहा मीटर. ऐन हंगामात वाळू आणि पाणी यांच्यामध्ये दहा मीटर चिखल उघडा पडणार असेल, तर तो बीच कोणी वापरणार नाही. धरणाच्या जलाशयात पातळी कित्येक मीटर खाली जाते. तिथे कायमच्या वाळूच्या नादी न लागता तरंगता फलाट आणि पाण्यात उतरायची शिडी हा मार्ग धरावा.

मग तळाचा गाळ. बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई घ्या, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची पट्टी मारा आणि काठापासून आत दर दोन मीटरवर ती हाताच्या जोराने तळात खुपसा. दरवेळी दोन आकडे लिहा: पाण्याची खोली, आणि सळई किती गाळात शिरली. गाळ १५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर काम सोपे आहे. १५ ते ३० मध्ये असेल तर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे पण माती-वाळू अडवणारे कृत्रिम धाग्यांचे कापड) आणि त्यावर गोट्यांचा थर चालतो. त्याहून जास्त असेल तर पाण्याखाली काहीही टाकू नका. मऊ गाळावर ओतलेली वाळू त्यात मिसळत, बुडत जाते आणि दोन-तीन हंगामांत नाहीशी होते. अशा ठिकाणी वाळू फक्त कोरड्या भागात ठेवून पाण्यात जायला छोटा धक्का बांधणे स्वस्त पडते.

मोजताना तळ अचानक कुठे तुटतो तेही टिपा. पाण्यात शिरणाऱ्या लहान मुलांसाठी कंबरभर पाण्यानंतर एकाच पावलावर डोक्यावरून पाणी, ही सर्वांत धोकादायक रचना. अशी कडा काठापासून आठ-दहा मीटरच्या आत असेल तर बीचची जागा बदला.

शेवटी वारा. ज्या दिशेला मोकळ्या पाण्याचा सर्वांत लांब पट्टा आहे तिकडून येणाऱ्या लाटा सर्वांत मोठ्या असतात. त्या काठावर तिरक्या आपटत असतील तर वाळू हळूहळू एका बाजूला सरकत राहते. त्याला अडवायला पाण्यात आडवा बांध घालण्याचा मोह होतो. घालू नका. बांधाच्या एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूचा, बहुधा शेजाऱ्याचा, काठ खचायला लागतो. जिथे तरंगणारी पाने आणि कचरा आपोआप गोळा होतो ती जागाही टाळा; तो कचरा रोज येणार.

परवानगीत काय विचारायचे

काठाची जमीन तुमची असली तरी तळ्याचा तळ तुमचाच असेल असे नाही. परवानगी देणाऱ्या कार्यालयात जाताना हे प्रश्न लिहून न्या: नेहमीच्या उंच पातळीची अधिकृत रेषा कुठे आहे? त्या रेषेच्या खाली भराव चालतो का, आणि किती? पाणवनस्पती काढता येतात का? माशांच्या विणीच्या काळात काम बंद ठेवावे लागते का? धक्का किंवा फलाट यासाठी वेगळा अर्ज लागतो का? उत्तरे लेखी घ्या. या पाच उत्तरांवर आराखडा ठरतो, म्हणून आराखडाकाराला पैसे देण्याआधी ती हातात हवीत. वाळूच्या पुरवठादाराकडून कायदेशीर उत्खननाची पावतीही मागा. बेकायदा उपसलेली वाळू एका काठासाठी दुसऱ्या नदीचा काठ उद्ध्वस्त करते, आणि पकडली गेली तर दंड तुमच्याही अंगावर येऊ शकतो.

रचना: वाळू वर, गोटे खाली

छोट्या बीचसाठी सर्वांत टिकाऊ रचना म्हणजे ओट्यासारखा बीच. वाळू सगळी उंच पातळीच्या वर ठेवायची, पाण्याच्या बाजूला दगडांची बुटकी कड घालायची आणि त्या कडेतून दोन-तीन रुंद पायऱ्यांनी पाण्यात उतरायचे. लाटा वाळूपर्यंत पोचतच नाहीत. पाण्याखाली भराव नसल्याने परवानगीही सहसा लवकर मिळते, आणि मासे जिथे अंडी घालतात ती जागा वाळूखाली गाडली जात नाही.

कडेसाठी ३० ते ४० सेंटिमीटरचे दगड घ्या आणि प्रत्येक दगडाचा एक-तृतीयांश भाग जमिनीत पुरा. कडेचा माथा उंच पातळीपेक्षा निदान ३० सेंटिमीटर वर हवा, मोटारबोटी फिरत असतील तर आणखी थोडा. दगडांच्या मागच्या बाजूला कापड उभे लावायला विसरू नका. हे कापड नसेल तर दगडांमधल्या फटींतून वाळू रोज थोडी थोडी गळते. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस कडेमागे हातभर पोकळी सापडते. कड बांधूनही वाळू जाते अशी तक्रार आली की पहिल्यांदा हीच जागा उकरून पाहावी.

पाण्यात परवानगी मिळाली तरी तिथे वाळूऐवजी ६ ते १० मिलिमीटरचे गोल, धुतलेले गोटे टाकावेत. ते पायाला टोचत नाहीत, पाणी गढूळ करत नाहीत आणि लाटांनी सहज हलत नाहीत. पाण्याखालचा उतार १:१० किंवा त्याहून सपाट असू द्या. कोरड्या भागात पाण्याच्या दिशेने दोन ते पाच टक्के उतार पुरतो.

काठाची सगळी लांबी साफ करू नका. बीच एक-चतुर्थांश लांबीपुरता ठेवा आणि दोन्ही बाजूंचे लव्हाळे, झुडपे, पाणवनस्पती तशाच राहू द्या. त्या लाटांचा जोर मोडतात, त्यांची मुळे काठ धरून ठेवतात आणि बागेतून वाहून येणारे खत तळ्यात जाण्याआधी पितात. त्या उपटल्या की काठ खचतो आणि पाण्यात शेवाळ वाढते.

वरचा चर

पैसे कमी पडले तर फर्निचर, छत्र्या, दिवे सगळे वगळा, पण हे काम वगळू नका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बीचच्या वर ४०० चौरस मीटरचा उतार असेल आणि तासात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर जमीन भिजलेली असताना जवळपास १०,००० लिटर पाणी खाली धावते. ते वाळूवरून गेले तर एका तासात ढोपरभर घळी पडतात.

बीचच्या वरच्या कडेपासून एक-दीड मीटर मागे आडवा चर खणा: माथ्याला ६० सेंटिमीटर रुंद, २० ते २५ खोल, लांबीत एक ते दोन टक्के उतार. खणलेली माती चराच्या खालच्या बाजूला दाबून बुटका बांध करा. चराचे तोंड बीचवर न आणता त्याच्या शेजारी, गवत आणि झुडपे असलेल्या जागेत सोडा आणि तिथे एक चौरस मीटरभर दगड पसरा, म्हणजे पाण्याचा वेग मोडेल. चर थेट तळ्यात सोडला तर त्याच्यासोबत माती आणि खत तळ्यात जाते. घराच्या छपराचे पन्हाळ बीचच्या दिशेने असेल तर तेही या चरात वळवा. उतार तपासायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते.

चर झाल्यावर दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या आणि पावसातच उभे राहून पाणी कुठून जाते ते बघा. बांध कुठे फुटतो, पाणी कुठे तुंबते हे तेव्हाच कळते. वाळू त्यानंतर मागवा.

वाळू किती आणि कोणती

उदाहरणासाठी काठालगत १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद कोरडा बीच धरू, आणि पाण्यात ५ मीटरपर्यंत गोटे.

वाळूचा थर ३० सेंटिमीटर: १२ × ६ × ०.३ म्हणजे २१.६ घनमीटर. दबण्यासाठी १५ टक्के जास्त धरले की २५ घनमीटर, म्हणजे जवळपास ९ ब्रास. घनमीटरला १.६ टन धरले तर ४० टन, दहा टनी डंपरच्या चार खेपा. गोट्यांचा थर १५ सेंटिमीटर: १२ × ५ × ०.१५ म्हणजे ९ घनमीटर, वाढीसह १०, साधारण १६ टन. कापड ७२ अधिक ६० म्हणजे १३२ चौरस मीटर. जोड आणि कडेचे दुमड धरून १६०.

वाळू शक्य तिथे वजनावर घ्या. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेली वाळू फुगते. तिचे कण पाण्याच्या पातळ थरामुळे एकमेकांपासून दूर राहतात आणि घनफळ २० ते २५ टक्के वाढते. घनफळावर घेतलेले २५ घनमीटर पसरून, भिजवून, दाबल्यावर थर ३० ऐवजी २४ सेंटिमीटर भरतो, आणि पुरवठादाराने फसवले असे वाटते. वजनावर घेतल्यास ४० टनांत सुमारे दोन टन पाण्याचे पैसे जातात, पण तो तोटा पुष्कळ लहान.

कण ०.२५ ते १ मिलिमीटरचे, गोलसर आणि धुतलेले हवेत. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, स्वस्त असते, पण तिचे कण धारदार असतात आणि तिच्यातली दगडाची भुकटी ओली झाली की थर सिमेंटसारखा आवळतो. अनवाणी चालायच्या जागी ती नको. फार बारीक वाळू वाऱ्याने उडते. पारख करायला काचेची बरणी एक-तृतीयांश वाळूने भरा, वरपर्यंत पाणी घाला, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच तळाला बसते; पाच मिनिटांनीही पाणी चहासारखे गढूळ असेल किंवा वाळूवर मातीचा दिसण्याजोगा थर बसला असेल तर तो माल परत पाठवा. ही परीक्षा नमुन्यावर न करता प्रत्येक डंपरवर, ओतण्याआधी करायची. नमुना नेहमी चांगलाच असतो.

कामाचा क्रम

वरचे गवत मुळांसकट २५ ते ३० सेंटिमीटर खोल काढा. नुसत्या गवतावर वाळू टाकली तर ते कुजते, वास येतो आणि उरलेले गवत पुन्हा वर येते. खालची जमीन उतारात आणून दाबा. हिरवळीच्या बाजूला दगडाची किंवा लाकडाची कड वाळूच्या वर १० सेंटिमीटर राहील अशी बसवा, नाहीतर माती वाळूत आणि वाळू हिरवळीत जात राहते. जुने डांबरी तेल पाजलेले लाकूड वापरू नका. ते उन्हात पाझरते आणि तळ्यात उतरते.

कापड नॉन-वोव्हन (न विणलेले, नमद्यासारखे), चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅमचे. जोडाला ३० सेंटिमीटर एकावर एक, आणि घराच्या कौलांसारखे: वरच्या बाजूचे कापड खालच्याच्या वर. उलटे ठेवले तर उतरणारे पाणी जोडातून खाली शिरते. वरची कड ३० सेंटिमीटर खोल चरीत पुरून टाका. प्लॅस्टिकचा साधा कागद कधीही वापरू नका. पाण्याखालच्या गाळातून वायू निघत असतो. त्याला वाट मिळाली नाही की कागद फुग्यासारखा वर येतो आणि गोटे घरंगळून खोल पाण्यात जातात. कापड उन्हात उघडे राहिले तर ठिसूळ होते, म्हणून अंथरल्यावर त्याच आठवड्यात झाका.

वाळू १५ सेंटिमीटरच्या दोन थरांत टाका, प्रत्येक थर पाणी मारून बसवा. कापडावर डंपर चढवू नका. आणि डंपर जिथून येणार तिथे जमिनीखाली सेप्टिक टँक किंवा पाइप नाही ना, ते आधीच बघा. भरलेल्या डंपरखाली टाकीचे झाकण फुटले तर त्या दुरुस्तीत वाळूचे पैसे जातात.

शेवटच्या पन्नास मीटरचा खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो. डंपर काठापर्यंत पोचत नसेल तर ३५ घनमीटर माल एकचाकी हातगाडीने न्यावा लागतो. एका खेपेत ६० लिटर धरले तर जवळपास ६०० खेपा, भरून-ओतून पाच मिनिटांची एक खेप म्हणजे ५० माणूस-तास. चार माणसांचे दीड दिवसांहून थोडे जास्त काम. याउलट छोटा लोडर अर्ध्या दिवसात उरकतो, पण त्याला दोन मीटर रुंद आणि कोरडी वाट लागते. दोन्हींचे भाव घ्या आणि मग ठरवा.

पैशांची वाटणी

भाव ठिकाणागणिक बदलतात, वाटणी मात्र फारशी बदलत नाही. एकूण रक्कम शंभर धरली तर मोजणी आणि परवानग्यांना १०, खोदकाम, उतार आणि चराला ३०, वाळू-गोटे वाहतुकीसकट ३०, कड, पायऱ्या आणि कापडाला १०, सुरक्षेच्या सामानाला ५, आणि १५ हात न लावता राखीव. वाळूच्या तीसमध्ये वाहतुकीचा वाटा अनेकदा मालापेक्षा मोठा असतो, म्हणून दोन खाणींचे भाव पाहताना पोच भावच विचारा.

दगड लागला, गाळ अपेक्षेपेक्षा खोल निघाला किंवा पाऊस लवकर आला, की राखीव रकमेला हात लागतो, आणि तो लागतोच. सगळे मिळून आकडा हाताबाहेर जात असेल तर बीचची लांबी कमी करा. थराची जाडी कमी करू नका: १० सेंटिमीटरचा थर मुलांच्या पहिल्या फावड्याला कापड दाखवतो. बारा मीटरऐवजी आठ मीटर केले की वाळू, गोटे, कापड आणि कड हे सगळे एक-तृतीयांशाने उतरते आणि एका कुटुंबाला ती जागा पुरते.

दरवर्षीसाठी सुरुवातीच्या खर्चाच्या आठ ते दहा टक्के वेगळे ठेवा. त्यात भरीची वाळू, पाण्याची तपासणी आणि दोरी-तराफ्यांची दुरुस्ती बसते.

पोहण्याआधी

पाण्याचा नमुना तपासून घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये गोड्या पाण्यात पोहण्यासाठी दिलेल्या निकषात ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूची भूमितीय सरासरी १०० मिलिलिटरमागे १२६ वसाहती इतकी आहे. ही अनेक नमुन्यांची सरासरी आहे, त्यामुळे एकाच स्वच्छ नमुन्यावर विसंबू नका. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस पाण्यात उतरू नये. तेव्हा सगळ्या परिसराची घाण तळ्यात आलेली असते. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा ओतल्यासारखा थर दिसला तर ते विषारी शेवाळ असू शकते. मुले आणि कुत्री दोघांनाही लांब ठेवा.

पोहण्याची हद्द १.२ मीटर खोलीवर तरंगत्या दोरीने आखा. काठावर हात पोचेल अशा उंचीवर एक जीवरक्षक कडे, त्याला १५ ते २० मीटर दोरी, आणि शेजारी तीन-चार मीटरचा हलका बांबू ठेवा. बुडणाऱ्याला काठावरून बांबू पुढे करणे हे पाण्यात उडी घेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. डोके खाली करून सूर मारण्यास मनाई करणारी पाटी लावा. धक्क्यावर वीज नेऊच नका. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचे शरीर विजेचे चांगले वाहक असते, त्यामुळे गळती झाली तर प्रवाह पोहणाऱ्याच्या अंगातून जातो, स्नायू आखडतात आणि माणूस आवाज न करता बुडतो. दिवे हवेच असतील तर सौर, काठापासून दूर.

मुलांना वाळूत गुडघ्यापेक्षा खोल खड्डा करू देऊ नका, कडा ढासळून मूल दाबले जाऊ शकते. संध्याकाळी सगळे खड्डे बुजवून टाका.

देखभालीला आठवड्यातून एकदा दाताळे पुरते. पाने वाळूत मिसळली की वाळू काळी पडते आणि त्यात तण उगवते, म्हणून ती ओढून काठापासून लांब न्या, पाण्यात ढकलू नका. हंगामाच्या सुरुवातीला वाळूत चार ठिकाणी खुंट्या ठोकून थराची पातळी त्यांच्यावर आखा. हंगाम संपल्यावर खूण आणि वाळू यांतले अंतर मोजले की भरीची वाळू किती आणायची ते नेमके कळते. चार खुंट्यांपैकी एकाच ठिकाणी जास्त वाळू गेलेली असेल तर तिथे भर टाकण्याआधी वरचा चर आणि कडेमागचे कापड तपासा. जिथे तळे गोठते तिथे हद्दीची दोरी, तराफे आणि शिडी बर्फ धरण्याआधी बाहेर काढा, कारण वाऱ्याने सरकणारा बर्फाचा पत्रा काठावर चढतो आणि वाटेत सापडेल ते चिरडतो.